रेमीचं बीट

रेमी क्लासेनच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर पूर्वी जायफळाच्या, लवंगांच्या आणि सुकवलेल्या पानांच्या बरण्या असत. लीवा गेल्यापासून (गेली म्हणजे देवाघरी नव्हे, कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात) त्या बरण्या मागे सरकल्या आणि पुढे डबे आले. मॅग्नेशियमच्या गोळ्या. मिठाच्या कॅप्सूल. चेरीच्या रसाच्या बाटल्या. एक पांढरी पावडर, तिच्या डब्यावर उघड्याबंब माणसाचं चित्र, आणि त्याचे दंड एवढाले की बिचाऱ्याला स्वतःची पाठसुद्धा खाजवता येत नसणार. आणि सगळ्यांत पुढे, डोळे मिटूनही हाताला लागेल असा, बिटाच्या पावडरीचा लाल डबा.

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला हे सगळं कशाला लागतं? हातांसाठी.

वाळूत मोटोक्रॉसची गाडी पळवायची म्हणजे हँडल धरून ठेवावं लागतं. फार घट्ट धरलं की कोपराखालच्या हातात रक्त जाऊन बसतं आणि माहेरी आलेल्या लेकीसारखं परत निघायचं नाव घेत नाही. हात फुगतो, लाकूड होतो. क्लच ओढायचा असतो आणि बोटं भलतीकडेच बघत असतात. लिंडेलो गावात याला हात आंबणं म्हणतात. हात आंबलेला माणूस एक तर गुमान बाजूला होतो, नाही तर कुंपणात जाऊन पडतो.

रेमी एकोणचाळीस वर्षं रस्त्यांवर विटा बसवतोय. अर्ध्या लिंडेलोची माणसं त्याने बसवलेल्या विटांवरून चालतात. त्याचा मित्र नेस्ट त्याला नेहमी चिडवायचा, "दिवसभर विटा उचलतोस तेव्हा नाही रे तुझे हात आंबत? वीस मिनिटं बाईकवर बसलास की लगेच म्हातारे होतात ते!"

"वीट उचलली की ठेवायची असते," रेमी म्हणे. "हँडल ठेवता येत नाही."

रेमी पहिल्यापासून घट्ट धरणारा. सुतळी असो, चमचा असो, बायकोचा हात असो. चर्चमध्ये लग्न लागत होतं तेव्हा लीवा त्याच्या कानात पुटपुटली होती, "अरे, अंगठी बोटात रुतली. सैल धर." पाद्रीबाबांना वाटलं नवरी लाजतेय.

पुढे सव्वीस वर्षं तिने तेच सांगितलं, फक्त पाटीवर. शर्यत चालू असताना मैदानाच्या एका कडेला, कुंपणाला लागून, शर्यतवाल्यांची घरची माणसं हातात काळ्या पाट्या घेऊन उभी राहतात. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून खडूने लिहायचं आणि आपला माणूस समोरून गेला की पाटी उंच धरायची. कुणी लिहितं कितवा चाललायस, कुणी लिहितं मागचा किती जवळ आलाय. लीवाने आकडे कधी लिहिलेच नाहीत. तिच्या पाटीवर एकच शब्द असायचा. सैल. दर फेरीला तो शब्द दिसला की रेमीची बोटं आपोआप सुटायची. शर्यत संपली की ती त्याला गाडीत बसवायची आणि कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याने हात चोळून द्यायची. त्या काळात रेमी कधी पहिला आला नाही, पण शेवटचा झेंडा त्याने कधी चुकवला नाही.

मग एका रविवारी लीवा पाटी घेऊन उभी राहिली आणि पाटी कोरीच. रेमीला वाटलं, खडू विसरली असेल. पुढच्या शर्यतीत तिने शब्द लिहिला, पण दाखवला भलत्याच माणसाला. तोही बिचारा पाच फेऱ्या सैल धरून गेला. सगळे हसले, लीवाही हसली. रेमी हसला नाही. दोन वर्षांपूर्वी तिला कालव्यापलीकडे न्यावं लागलं आणि तेव्हापासून रेमीने एकही शर्यत पुरी केलेली नव्हती. दहा फेऱ्या असतात. चौथ्या-पाचव्या फेरीला हात लाकूड.

ऑक्टोबरमधली शेवटची शर्यत घरच्या मैदानावर होती. रेमीने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि नेस्टला सांगूनही टाकलं होतं, "या वेळी झेंड्यापर्यंत गेलो तर ठीक. नाही गेलो तर बाईक विकतो. अर्ध्यातून ढकलत आणायची लाज वाटते आता."

हे बोलणं सोपं होतं. पण कामावर सगळे कानांवर आवाज बंद करणारी झाकणं लावून असत आणि मुकादम काय ते फोनवर लिहून पाठवी. दुकानात आता यंत्रासमोर सामान धरलं की झालं. आठवड्याभरात त्याला "रेमी" म्हणून हाक मारणारी माणसं भेटत ती रविवारी सकाळी, मैदानावर, मटारच्या सूपच्या पातेल्याभोवती. बाईक गेली की ती हाकही जाणार होती. रात्री जेवताना कधी कधी तो रेडिओवरच्या बाईला उत्तर देई, आणि दिलं की लगेच रेडिओ बंद करी.

म्हणून डबे. नेस्ट कबुतरं उडवणारा माणूस. त्याच्याकडे शर्यतीच्या कबुतरांसाठी लसूण, यीस्ट, कसकसली तेलं असत आणि त्याच्या मते माणूस म्हणजे जरा वजनदार कबूतरच. बीट त्यानेच सुचवलं होतं, सहा वर्षांपूर्वी. बिटाने रक्ताच्या वाटा रुंद होतात, हातात रक्त अडकत नाही, असं त्याने कुठेसं वाचलं होतं.

तेव्हा लीवा घरातच होती. रेमी बिटं उकडून त्यांचा रस प्यायला आणि तिला सकाळचा पापा द्यायला गेला. तिने त्याचं तोंड तळहाताने बाजूला केलं.

"रेमी! तळघरात झोपला होतास की काय? तोंडाला मातीचा वास येतोय. लांब हो!"

त्याच दिवशी रेमी औषधाच्या दुकानातून चूळ भरायच्या निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. जहाल पुदिना, डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हापासून बीट प्यायलं की चूळ भरायची, हा त्याचा नेम झाला. रस जाऊन पावडर आली, लीवा घरातून गेली, पण नेम काही सुटला नाही. घरात वास घ्यायला कुणी नव्हतं तरी तो दोन वेळा खळखळून चूळ भरायचा.

रविवारी तीन वाजता तो लीवाकडे जाई. वृद्धाश्रमाच्या बाहेर गाडी लावायची, खिशातली निळी बाटली काढायची, चूळ भरायची, कुंपणाच्या हिरव्या हेजच्या मुळाशी थुंकायची. तिथलं हेज जरा पिवळं पडलं होतं. माळ्याला कळत नव्हतं कशाने.

शर्यतीच्या आधीच्या रविवारीही त्याने तेच केलं. लीवा खिडकीपाशी बसली होती, निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले. तो शेजारी बसला, वाकून म्हणाला, "लीवा, मी आलो."

लीवाने हुंगल्यासारखं केलं, पाठ ताठ केली आणि आ करून तोंड उघडलं.

"तसं काही दुखत नाही डॉक्टर," ती तोंड उघडं ठेवूनच म्हणाली. "पण तुम्ही बघून घ्या."

दर रविवारी हेच. तो दातांचा डॉक्टर आहे अशी तिची खात्री पटलेली होती. सुरुवातीला रेमी सांगायचा, मी रेमी, तुझा नवरा. मग ती घाबरायची, दाराकडे बघायची. आता तो सांगत नसे. वाकून बघायचा. म्हणायचा, "छान आहेत हो दात."

"तुम्ही फार सभ्य आहात," ती म्हणायची. "आमचे हे असे नाहीत. ते दाणकन दार लावतात."

कॉफी घेऊन लुडविना आली. ही तिथली परिचारिका, पन्नाशीची, शनिवारी सायकलच्या शर्यतीला जाणारी, पिंढऱ्या अशा की रेमीने बसवलेल्या विटासुद्धा मोडतील. तिने रेमीच्या ओठांकडे बघितलं. कोपऱ्यात लाल रेघ राहिली होती.

"अहो रेमी, बीट पिता वाटतं? मीही पिते. हातांसाठी का?"

"हातांसाठी. काही उपयोग होत नाही पण."

"आणि हा पुदिन्याचा वास? माझे डोळे चुरचुरतायत इथपर्यंत."

रेमीने खिशातून बाटली काढून दाखवली. लुडविनाने ट्रे खाली ठेवला, बाटली वाचली आणि कपाळावर हात मारला.

"बीट प्यायल्यावर लगेच ही चूळ भरता? किती दिवस?"

"सहा वर्षं."

"अरे देवा! सहा वर्षं तुम्ही एका हाताने दिवा लावताय आणि दुसऱ्या हाताने विझवताय. बिटातलं जे काही असतं ना, ते जिभेवरचे जंतू आधी चघळतात. मग ते पोटात जातं, मग रक्तात. जंतूच मारून टाकले तर काय, नुसता लाल रंग गिळताय! बिटाचे पैसे दिलेत ते रंगवायला दिलेत असं समजा."

रेमीने बाटली परत खिशात टाकली. मग हळूच म्हणाला, "हिला वास आवडत नाही."

लुडविनाने लीवाकडे पाहिलं. लीवा कॉफीत बिस्कीट बुडवून ते विरघळताना बघत होती.

"शर्यत कधी?"

"पुढच्या रविवारी."

"मग आठवडाभर चूळ बंद. रोज बीट, शर्यतीच्या दिवशी सकाळी दुप्पट. शर्यत झाली की इथे येण्याआधी भरा वाटल्यास चूळ." ट्रे उचलता उचलता ती वळली. "आणि चमत्कार होईल असं समजू नका. मी चार वर्षं पितेय, अजून सासूसुद्धा माझ्या पुढे असते."

तो आठवडा रेमीला फार विचित्र गेला. सकाळी सहाला लाल पाणी प्यायचं आणि तोंडात माती ठेवून कामावर जायचं. कुणाच्या जवळ जायचं नव्हतंच म्हणा. तरी तो बोलताना तोंडावर हात धरायचा. गुरुवारी नेस्टने त्याला कबुतरखान्यापाशी अडवलं.

"काय रे, तोंड का झाकतोस? कवळी बसवलीस?"

"चूळ सोडलीय."

नेस्टने सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे मान हलवली. "माझ्या कबुतरांनी कधी चूळ भरली नाही. म्हणून तर पॅरिसहून परत येतात."

शर्यतीचा रविवार थंडगार होता, वारा सुटलेला. रेमीने सकाळी आठला दुप्पट पावडर घेतली. मग तळघरात जाऊन लीवाची पाटी शोधून आणली. काठीला ठोकलेली, कोपरा उडालेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने खडूने शब्द लिहिला, स्वतःच, स्वतःसाठी. तिचं अक्षर तिरकं असायचं. त्याचं सरळ आलं, विटांच्या ओळीसारखं. पुसून पुन्हा तिरकं लिहायचा प्रयत्न केला. तरी सरळच आलं.

मैदानावर पाटीवाल्यांच्या जागी जाऊन त्याने काठी वाळूत रोवली. शेजारी नेस्टची बायको जर्मेन उभी होती. तिने पाटी वाचली, रेमीकडे बघितलं आणि घाईघाईने आपला खडू शोधायला लागली.

सुटायचं फाटक पडलं, पंधरा म्हातारे वाळूत घुसले, त्यांत नेस्टही. पहिल्या वळणावर रेमी शेवटून तिसरा. खड्डे गुडघ्याएवढे, दरवर्षी असतात तसे. पहिली फेरी, कुंपणापाशी पाटी. सैल. बोटं सुटली. दुसरी फेरी. सैल. तिसऱ्या फेरीला हात अजून हातच होते. चौथ्या फेरीला त्याने क्लच ओढला आणि क्लचने ऐकलं. रेमीला हेल्मेटमध्ये हसू फुटलं आणि तोंडात वाळू गेली. बीट काम करत होतं! सहा वर्षं निळ्या बाटलीत बुडवून मारलेलं बीट एका आठवड्यात कामाला लागलं होतं.

सहाव्या फेरीला पाटी दिसली नाही.

वाऱ्याने पडली होती. पालथी. जर्मेन नेस्टला आकडा दाखवण्यात गुंतली होती, तिचं लक्ष नव्हतं, आणि तिने का ठेवावं? सातव्या फेरीला रेमीने मान वळवून बघितलं. पालथीच. आठव्याला पुन्हा बघितलं. शब्द त्याला पाठ होता, सव्वीस वर्षांचा शब्द, मनात म्हटला की झालं. तो मनात म्हणत राहिला आणि बोटं आवळत राहिली. आपणच आपल्याला सैल धर म्हणायचं, तर ऐकतं कोण?

नवव्या फेरीच्या मध्यावर, मोठ्या उताराच्या आधी, डाव्या हाताची बोटं क्लचवरून घसरली ती परत आलीच नाहीत. बाईक वाळूत रुतून बंद पडली. रेमीने ती पुन्हा चालू करायला पाहिलं, उजव्या हाताने, मग दोन्ही हातांनी. बाकीचे चौदा म्हातारे त्याच्या बाजूने गेले, एकाने जाता जाता हात वर केला. मग लांबून झेंडा हलताना दिसला.

दीड फेरी. तेवढंच राहिलं होतं.

नेस्ट धावत आला आणि दोघांनी मिळून बाईक ढकलली. "अरे, नववी फेरी!" नेस्ट म्हणाला. "दोन वर्षांत नववी फेरी पाहिली होतीस का? पुढच्या मोसमात..."

"ठरलंय ते ठरलंय," रेमी म्हणाला.

नेस्टने सूप घ्यायला थांबवलं, पण रेमीला हातात वाटी धरवेना. तो तसाच निघाला. स्टिअरिंग मनगटांनी वळवत, गल्लीबोळांतून, हळू हळू.

वृद्धाश्रमाच्या बाहेर तीन वाजायला पाच मिनिटं होती. त्याने खिशातून निळी बाटली काढली. तिचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं असतं. रेमीने दाबलं. फिरवलं. बोटं लाकडाची. मांडीत धरून दोन्ही तळहातांनी फिरवून बघितलं, मग दातांनी. एकोणचाळीस वर्षं विटा बसवलेला माणूस, बाटलीच्या झाकणाशी झगडतोय आणि झाकण जिंकतंय. आत जाऊन लुडविनाला सांगता आलं असतं. पण आज बायकोची भेट घ्यायलाही दुसऱ्याचे हात मागायचे, हे त्याला नको झालं. त्याने बाटली सीटवर टाकली. ओठ लाल, गालावर वाळू, तोंडात आठवड्याची माती. आज लांबूनच बसू, त्याने ठरवलं.

लीवा खिडकीपाशी होती. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

तिने वळून पाहिलं. पाठ ताठ केली, तोंड उघडायला लागली आणि मध्येच थांबली. नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळावर ती जुनी आठी आली.

"रेमी! परत बीट खाल्लंस?"

रेमी जागचा हलला नाही.

"शी! तळघर घेऊन फिरतोयस तोंडात. आणि दारात काय बसलायस पाहुण्यासारखा?" तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. मांडीवर पालथे पडलेले, फुगलेले. "संपवलीस?"

"नाही," रेमी म्हणाला. आवाज कुठून आला त्याला कळलं नाही. "दीड फेरी राहिली, लीवा. हात आंबले."

"घट्ट धरतोस! किती वेळा सांगायचं तुला? इकडे आण."

तो खुर्ची ओढत गेला. तिने त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा कोपराखाली रोवून मनगटापर्यंत ओढला. एकदा, दोनदा, न बघता, जशी कणीक मळावी. अंगठ्यात जोर होता. रेमीने तोंड दुसरीकडे वळवलं, वास लागू नये म्हणून, आणि मग स्वतःचाच राग येऊन परत वळवलं.

"पाटी मी उंच धरली होती," ती म्हणाली. "तू बघितलीच नाहीस."

"चुकलं माझं," रेमी म्हणाला.

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, चाक कुरकुरत होतं. लीवाने त्या आवाजाकडे कान दिला. अंगठा मनगटापाशी थांबला. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, हा कुणाचा हात आपल्या मांडीवर, असं, आणि तो अलगद उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही कुणाकडे आलात?" तिने विचारलं.

बाईक नोव्हेंबरात गेली. पलीकडच्या गावचा एक माणूस ट्रेलर घेऊन आला, दोनदा किक मारून बघितली आणि घेऊन गेला. नेस्ट दोन आठवडे बोलला नाही, मग कबुतराची एक जोडी घेऊन दारात उभा राहिला. रेमीने ती घेतली नाही. रविवारी सकाळी तो मैदानाच्या बाजूला फारसा जात नाही. सूपच्या पातेल्यापाशी बाईक नसलेल्या माणसाने काय बोलायचं?

लाल डबा मात्र दर महिन्याला येतो. रविवारी दोन वाजता तो दुप्पट पावडर पाण्यात ढवळून पितो. निळी बाटली गाडीच्या कप्प्यात आहे, त्या दिवसापासून न उघडलेली. लुडविना दारात भेटली की म्हणते, "अहो, निदान ओठ तरी पुसा. लोकांना वाटेल इथे कुणाला चावलात." तो पुसत नाही.

बहुतेक रविवारी लीवा नुसती खिडकीबाहेर बघते, किंवा विचारते कुणाकडे आलात. आ मात्र आता करत नाही. एकदा, नाताळच्या आधी, तिने पुन्हा नाक मुरडलं होतं. फक्त एवढंच, नाक, आणि तळहाताने त्याचं तोंड बाजूला केलं. नाव घेतलं नाही.

रेमीने तो तळहात धरला. आणि मग, आठवण होऊन, सैल केला.